तुरटीला पाणी

पोशीरच्या आबाजीला भात कळतं. खाचरात पाणी किती ठेवायचं, बांध कुठं फोडायचा, ते त्याला विचारावं. ज्याला वाढायचं त्याला पाणी लागतं, एवढ्या एकाच शास्त्रावर त्याचा जन्म गेला.

त्याची पोर भाविका नेरळला बारावीत. दिवाळीनंतर तिनं गरम पाण्यात तुरटी विरघळवली, आणखी विरघळेना इतकी. बरणीत ओतली, दोऱ्याला तुरटीचा बारीकसा खडा बांधून आत सोडला आणि बरणी खिडकीत ठेवली. हळूहळू खड्याला पैलू फुटले, टोक आलं. आबाजी वाकून वाकून बघायचा.

"देव्हाऱ्यात मांडतेस काय गं याला?"

"सोनं काय तुमाला जमायचं नाय, बाबा. लग्नात हाच घाला माझ्या गळ्यात! फक्त बरणी हलवू नका. अजून वाढणार हाय तो."

कसा वाढणार, ते तिनं सांगितलं नाही. यानं विचारलं नाही.

माघात खडीच्या डंपरनं तिला सायकलसकट चिरडलं. पंचनाम्यात चूक पोरीचीच निघाली. मेलेलं माणूस उलट बोलत नाही ना!

आबाजी खाचराकडं फिरकेना. बरणीकडं तेवढा बघायचा. चैत्राच्या उन्हानं बरणीतलं पाणी खाली गेलं, खडा उघडा पडायला आला, तसा त्याचा जीव कासावीस झाला. पोर गेली, आता तिनं लावलेलं पण सुकू द्यायचं? रोज सकाळी फुलपात्रभर पाणी तो हलकेच ओतू लागला, बरणीला धक्का न लावता. खडा बारीक झाला. त्याला वाटलं, पाणी कमी पडतंय. आणखी घातलं.

एके दिवशी नुसता दोराच उरला.

बायको इंदूबाईनं भाविकाची मैत्रीण सोनाली हिला बोलावून आणलं.

"पाणी घातलंत, आबाजी?"

"मग! वाढणार हाय म्हणाली ती."

"भात नव्हं ते. पाणी उडून जातं तशी त्यातली तुरटी खड्यावर बसत जाते, थरावर थर. पाणी कमी होतं, म्हणून तर तो वाढतो."

आबाजी खाली बसला. "गेला कुठं पण?"

"पाण्यातच हाय. आटू द्या, परत धरेल खडा."

"तोच?"

सोनाली ओढणीचं टोक चावत राहिली.

आता आबाजी खिडकीशी बसून असतो. इंदूबाई तांब्या घेऊन जवळून गेली, तरी म्हणतो, "लांबून जा गं."