बयाबाईंचा बंब

आमच्या पंचवटीतल्या धर्मशाळेत बावीस वर्षं अंघोळीचं पाणी बयाबाई तापवतात. मागच्या अंगणात त्यांचा तांब्याचा बंब आहे. मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी, खाली तोटी. बयाबाईंचा नेम असा, की एक बादली गरम काढायची तर आधी एक बादली गार ओतायची. कुणी विसरलं की म्हणतात, "एकादशी तुमची हाय, बंबाची नाय. त्याला उपाशी ठेवू नका."

नव्या व्यवस्थापकांना, सावळीरामांना, हा बंब नको आहे. "मावशी, एकदा जरी काही झालं, तर बंब भंगारात आणि इथे गीझर," असं त्यांनी दिवाळीतच बजावलंय. गीझर आला की बयाबाईंचं इथलं काम संपलं.

आज मार्गशीर्षातला गुरुवार. सिन्नरहून बायकांचा जथा उतरला होता. बयाबाई जरा चहाला पुढे गेल्या, तेवढ्यात त्यांच्यातल्या यशोदाबाईंनी कारभार हाती घेतला. गार ओतलं तर मागच्यांना कोमट मिळेल, म्हणून कुणाला ओतूच दिलं नाही. वर देवळातल्या नारळांच्या करवंट्या नळीत कोंबल्या.

मी तांब्यात गोदावरीचं पाणी घेऊन देवळाकडे निघाले होते, आरडाओरडा ऐकून आत वळले. तोटीतून पाण्याऐवजी वाफ फुसफुसत होती. तांबं काळंनिळं पडलेलं, आणि सांध्यावरचा कथलाचा डाग वितळून थेंब थेंब गळत होता.

"ताई, ओता तो तांब्या! गोदामाई शांत करील!" यशोदाबाई ओरडल्या.

मलाही तेच वाटलं. मी देवाचं नाव घेतलं आणि तांब्या बंबाच्या तोंडावर धरला.

"ओतू नका!" बयाबाईंनी मागून माझा दंडच पकडला. "कोरड्या तापल्या बंबात गार पाणी पडलं की वाफ सरळ तोंडावर येती. मग काय गोदामाईला बोल लावणार?"

सगळ्यांना त्यांनी लांब उभं केलं. चिमट्याने एकेक करवंटी ओढून राखेत दाबली. जाळ विझला तेव्हा कुठे पायरीवर टेकल्या. "आता सायेब येतील," एवढंच म्हणाल्या.

सावळीराम आलेच. यशोदाबाई पदर सावरत पुढे झाल्या. "चूक माझी हाय."

"नाय," बयाबाई म्हणाल्या, "पेटता बंब सोडून मी गेले."

माझ्याच्याने राहवलं नाही. "सावळीरामभाऊ, या नसत्या तर आज माझं तोंड भाजलं असतं. गीझरने माझा हात धरला असता का?"

"वहिनी, गीझरवर तांब्या कशाला ओताल तुम्ही?"

सिन्नरकरणी खो खो हसल्या. बयाबाई मात्र हसल्या नाहीत. त्या सावळीरामांकडेच बघत होत्या.

सावळीराम बंबाभोवती एक फेरी मारून आले. "बंब ठेवू, मावशी. वेळेवर धावलात तुम्ही. पण भोवती जाळी बसेल. आणि जाळ पेटला की विझेपर्यंत जागा सोडायची नाही. कबूल?"

"कबूल. पण मग बसायला खुर्ची द्या. गुडघे लय दुखत्यात."

त्यांनी ऑफिसातली स्वतःचीच खुर्ची आणून ठेवली.

सिन्नरच्या बायकांनी गार पाण्याने किंचाळत अंघोळी उरकल्या. दुपारी डाग द्यायला हनीफभाई आले. बूड शाबूत आहे म्हणाले. बयाबाई खुर्चीत ऐसपैस बसून त्यांना सांगत होत्या, "भाई, तोटीपाशी जरा जास्त लावा."