राजकन्येच्या गालावरचा तीळ

परवा जळगावात गच्चीवर पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांच्या, जाळावर भरताची वांगी भाजत होते. त्या धुराच्या वासाने मी धुळ्याजवळच्या आमच्या शेतात जाऊन पोहोचले.

लहानपणी तिथे वांगी भाजेपर्यंत वडील, म्हणजे नाना, गरुडावर बसून राक्षसाच्या किल्ल्यातून उडून जाणाऱ्या राजकन्येची गोष्ट सांगायचे.

"नाना, ती दिसायची कशी?" मी एकदा विचारले.

"आपली नलीसारखी. गालवर तीळ शे."

माझी धाकटी बहीण नली ऐटीत हसली.

"अन् मी?"

"तू तिनी मोठी बहीण. राज्यान्या बठ्ठ्या चाव्या तुनाकडे!"

मला राज्याच्या सगळ्या चाव्या नको होत्या, गरुड हवा होता. डोळ्यांतले पाणी मी धुराच्या नावावर खपवले.

आज नली परदेशात आहे आणि नाना माझ्याकडे. त्यांची औषधे, पथ्य, कपाटाची किल्ली, सगळे मीच सांभाळते. हिशेबाने पाहिले तर नानांची मोठी वाटणी मलाच मिळाली, हे मला कळते.

तेवढ्यात गच्चीवर नानांकडून तीच गोष्ट ऐकणाऱ्या माझ्या लेकीने विचारले, "आजोबा, राजकन्या दिसायची कशी?"

वांगे उलटता उलटता माझा हात थांबला. नानांनी माझ्याकडे प्रेमाने पाहिले.

"गालवर तीळ शे," ते म्हणाले.

धूर याही वेळी माझ्याच डोळ्यांत गेला.