फुंकररावांचा धूळमुक्त कॉम्प्युटर

बसण्याआधी खुर्चीवर फुंकर, पाणी ओतण्याआधी ग्लासात फुंकर, कुलूप उघडण्याआधी किल्लीवर फुंकर. पाणीपुरवठा कचेरीत या हेडक्लार्कला सगळे फुंकरराव म्हणत आणि त्यांच्या बायकोला त्यात जराही अतिशयोक्ती वाटत नसे. पहिल्यांदा तिच्या घरी आले, तेव्हा तिच्याकडे बघण्याआधी त्यांनी टेबलावरून बोट फिरवून पाहिलं होतं. तिने तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं.

लेकीने शिकवण्या घेऊन, पैसे साठवून गेमिंगचा कॉम्प्युटर घेतला आणि फुंकररावांना जन्माचं कार्य सापडलं. खेळातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण पुढचे पंखे गार हवा आत ओढतात, मागचा पंखा गरम हवा बाहेर टाकतो आणि आत येणाऱ्या हवेबरोबर धूळही येते, एवढं कुठल्याशा व्हिडिओत ऐकल्यावर त्यांची झोपच उडाली. दर रविवारी कॉम्प्युटरचा डबा उघडायचा. ब्रश, फडकी, हवेचा पंप मांडून स्वारी अशा थाटात बसायची, की सर्जनने लाजावं. जेवल्यावर स्वतःचं ताट मात्र या हातांनी कधी उचललं नव्हतं.

बायको घरी शिवणकाम करायची. तिच्या चिंध्यांतून एक दिवस जाळीचं कापड नाहीसं झालं आणि कॉम्प्युटरच्या पंख्यांपुढे ताणून बसलं. त्यातूनही धूळ जात असेल, या शंकेने त्यावर दुसरा पदर चढला, मग अस्तराचा तिसरा. पंख्यांच्या घरघरीने डोकं उठतं म्हणून त्यांचा वेगही इतका कमी केला, की पाती मोजून घ्यावीत.

"बाबा, तो तापतोय," लेक म्हणाली.

"आवाज येतोय? धूळ दिसतेय? मग झालं तर."

उंटावरच्या या शहाण्यापुढे बोलणार कोण? मायलेकींनी कधीच हात टेकले होते.

अशात लेकीची निवड चाचणी आली. एका गेमिंग संघाला एकच खेळाडू हवा होता आणि चाचणी घरूनच, ऑनलाइन खेळायची होती. निवड झाली तर पगार, संघाच्या गावी राहायला खोली आणि मुख्य म्हणजे या घरातून सुटका. हे शेवटचं तिने फक्त आईच्या कानात सांगितलं होतं. पोरीने जावं असंच आईलाही वाटलं.

पहिला डाव रंगात आला आणि पडद्यावरचं चित्र अडखळायला लागलं. बघता बघता कॉम्प्युटर बंद पडला. डाव गेला.

"घाबरली असेल ती," फुंकरराव दारातून म्हणाले.

आईने डब्यावर हात ठेवला आणि झटक्यात मागे घेतला. तवा परवडला. लेकीच्या डोळ्यांत पाणी तरारलं होतं. "आई, पुढचा डाव हरले तर संपलं सगळं."

आईने डब्याचं झाकण काढलं, जाळ्यांचे पदर ओरबाडून फेकले आणि शिवणाच्या टेबलावरचा आपला जुना पंखा आणून त्या उघड्या पोटासमोर लावला.

"अगं, धूळ जाईल आत!"

"जाऊ दे."

"आणि हा पंखा केवढा घरघरतो!"

"अहो, सोसत नसेल तर जिन्यात जाऊन बसा."

नवऱ्याला खोलीबाहेर काढायची ही तिची पहिलीच वेळ, आणि महाशय चक्क गेले. पायरीवर फुंकर मारूनच टेकले असणार, याची तिला खात्री होती. पंख्याची मान खाली पडायची म्हणून ती धरून आई उभी राहिली. दोऱ्यांचे तुकडे, धूळ, काय काय आत उडत होतं. पडद्यावर कोण कोणाला मारतंय ते तिला कळत नव्हतं, लेकीच्या खांद्यांवरून मात्र सगळं कळत होतं. तो डाव पोरीने मारला, त्यानंतरचाही.

निवड झाली. "मशीनची देखभाल कोणाची होती?" असं फुंकरराव कचेरीत टेबलाटेबलावर जाऊन विचारून आले. संघाकडे कॉम्प्युटर होते, त्यामुळे लेक कपड्यांची बॅग तेवढी घेऊन निघाली. "हा तुम्हालाच राहू दे, बाबा," ती म्हणाली, आणि हा शहाणा माणूस खूश झाला.

पुढे एका रविवारी त्यांनी बायकोला हाक मारली. डबा उघडा होता. "बघ, कणभरसुद्धा धूळ नाही."

चालवायला कोणी नाही, तर धूळ येणार कुठून? हे तिच्या जिभेवर आलं होतं, पण ती म्हणाली, "पोरीचा फोन आला होता सकाळी."

"अस्सं? कॉम्प्युटरचं काही विचारलं?"

"नाही."

त्यांनी फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "आणि माझं?"

खोटं बोलणं तिला जड नव्हतं. या माणसासाठी कचेरीत, शेजारात, नातेवाइकांत ती आयुष्यभर खोटंच बोलत आली होती.

"नाही," ती या वेळी खरं तेच म्हणाली, आणि शिवायला बसली.