सोनतळचा उत्तर दरवाजा

पुणे स्टेशनवर गाडीत चढले, तेव्हा समोरच्या बाकावरच्या काकांनी माझ्या काखेतल्या लांब प्लास्टिकच्या नळीकडे बघून विचारलं, "आर्किटेक्ट का?" मी हो म्हणून टाकलं. खरं सांगायला बसले असते तर मनमाड आलं असतं. पोटासाठी मी सांडपाण्याच्या लाईनींचे नकाशे काढते, तेव्हा ते अगदीच खोटं नव्हतं. पण नळीत होतं ते सोनतळ. भक्कम तटबंदी, वाकड्यातिकड्या पेठा आणि मधोमध भलंमोठं तळं असलेलं हे शहर पृथ्वीच्या पाठीवर कुठेही नाही. ते मी काढलंय.

ज्यासाठी काढलं, तो टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ आहे. एकजण जग रचतो: शहरं, गल्ल्या, राजे, राक्षस. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि ते पात्र काय करतं ते बोलून सांगतात. जमलं की फसलं, ते फासे ठरवतात. आमच्यात जग रचणारी मी. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी आमचा डाव सुरू झाला. मग नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, एकाचं मोडलं, तरी रविवारचा खेळ कधी चुकला नाही. खेळणाऱ्या चौघांमधली प्रणाली तेवढी गेली.

प्रणाली चामोर्शीची. वडिलांच्या अंगावरून वारं गेलं आणि ही एकुलती एक लेक घरची राइस मिल सांभाळायला गेली, ती गेलीच. जाण्याआधीच्या रविवारी तिचं पात्र, मैना नावाची एक तोंडाळ नावाडीण, सोनतळच्या उत्तर दरवाजात येऊन उभी राहिली होती. ती अजून तिथेच आहे. आमच्या टेबलाचा एकच कडक नियम: दुसऱ्याच्या पात्राला कुणी हात लावायचा नाही. इतकी वर्षं बाकीचे तिघे शहरात इकडेतिकडे फिरत वेळ काढत राहिले. आता सोनतळला वेढा पडलाय आणि बाहेर पडायला तो एकच दरवाजा उरलाय. मैना काय करणार हे प्रणालीने सांगितल्याशिवाय खेळ हलत नाही. फोन केला की ती "सांगते गं, सांगते" म्हणायची आणि तेवढ्यात मागून कुणीतरी तिला हाक मारायचं. शेवटी तिघे कंटाळले. म्हणाले, गुंडाळू या हे सगळं. मी एक रविवार मागून घेतला. मैनाची चाल विचारून येते, असं त्यांना सांगितलं. मला चाल नको होती. मला प्रणाली परत हवी होती.

चंद्रपूरला सकाळी उतरले. डिसेंबरचं धुकं आणि कोळशाची धूळ यांत कुठलं काय, ते कळत नव्हतं. चामोर्शीच्या बसला अवकाश होता, म्हणून जटपुरा गेटपर्यंत चालत गेले. प्रणाली बारावीपर्यंत इथे शिकली. सोनतळचा तट मी पहिल्यांदा काढला, तेव्हा तो बघून ती म्हणाली होती, "यात खिडकी कुठे आहे?" मोठ्या वेशीखेरीज तटातून पायी जाण्यायेण्यासाठी जो लहान दरवाजा असतो, त्याला इकडे खिडकी म्हणतात. तिच्या हट्टापायी मी उत्तर दरवाजाशेजारी एक खिडकी काढली होती. आता खरी वेस पुढ्यात होती. हत्तीवर चढलेला दगडी सिंह होता आणि खालून स्कूटर, शाळेच्या व्हॅन आणि कोबीने भरलेला टेम्पो एकमेकांना शिव्या घालत निघाले होते. मी वहीत कमानीची रेघ मारत होते, तर एक ऑटोवाले भाऊ थांबले.

"कुठी जायचं हाये, मॅडम?"

"कुठेच नाही. गेट बघतेय."

"गेट?" त्यांनी मान वळवून, पहिल्यांदाच दिसल्यासारखं, वर पाहिलं. "पाहा मंग. आम्ही तं रोज याच्यात फसून राह्यलो."

नाक्यावर तर्री-पोहे खाल्ले. पोह्यांवर ओतलेला तो लाल रस्सा तिखट असतो हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. वर मूठभर सांबार (कोथिंबीर) टाकून मालकाने विचारलं, "अजून तर्री देऊ?" डोळ्यांतलं पाणी पुसत मी हो म्हणाले. पुणेकरांची अब्रू होती ना.

वाटेत मूल नावाच्या गावी बस थांबली. मी चहाला उतरले आणि बस माझ्याशिवाय गेली. बॅग खांद्याला होती, पण सोनतळ वरच्या फळीवरून एकटंच पुढे गेलं. कल्पनेतली अख्खी शहरं तोंडपाठ असणारी बाई मूलच्या स्टँडवर चार फलाटांत बस हरवते, याचं बाकी कुणाला नसलं तरी मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. तो एकच नकाशा होता, प्रणालीच्या हस्ताक्षरातल्या खुणांसकट. चौकशीच्या खिडकीतल्या बाईंनी पुढे फोन लावला आणि मला चिवड्याचा पुडा दिला. "भेटून जाईल जी. आमच्या इकडे काही जात नाई."

पुढच्या बसमध्ये मी खिडकीला नाक लावून बसले. आधी साग, मोठमोठ्या वाळक्या पानांचा. मग एकदम उघडी धानाची शेतं, कापलेली, आणि जागोजागी पुंजणे (धानाच्या पेंढ्यांच्या गंज्या). मग वैनगंगा. पाणी बारीक आणि वाळू अफाट. प्रणालीने मैनाला नावाडीण का केलं असेल, ते पुलावर कळलं. तिच्याशिवाय हे सगळं बघायला मला आवडलं नाही.

चामोर्शीच्या स्टँडवरच्या कंट्रोलरसाहेबांनी टेबलाखालून नळी काढली, पण हातात देईनात.

"काय हाये याच्यात?"

"नकाशा."

"कुठचा?"

"सोनतळचा."

ते विचारात पडले. "कोणत्या तालुक्यात येते?"

मागे उभा असलेला कंडक्टर म्हणाला, "सिरोंच्याकडे असंल, साहेब." साहेबांनी मान डोलावली आणि सही घेऊन सोनतळ माझ्या ताब्यात दिलं.

मिल गावाबाहेर, बाजाराच्या रस्त्याला. धानाचे ट्रॅक्टर रांगेत उभे होते आणि हवेत कोंडा तरंगत होता. प्रणाली बँकेत गेली होती. मारोतीभाऊ नावाच्या वयस्कर हमालांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि गोदामाकडे तोंड करून एका ट्रॅक्टरवाल्यावर ओरडले.

"अरे, तिथी नको! थे भूतबाजारात टाक! चोरगल्ली भरली ना सकाळीच!"

मी उठून उभी राहिले. भूतबाजार सोनतळच्या दक्षिणेला आहे. चोरगल्ली त्याच्या मागे. दोन्ही नावं आम्ही पुण्यात हसून हसून ठेवली होती.

"भाऊ, ही नावं कुणी ठेवली?"

"बाईनं. गोदामाच्या कोपऱ्यायले नावं देल्ली तिनं आल्या आल्या. आधी समदे हासत. आता गिऱ्हाईक बी म्हणते, माह्यं धान राणीघाटावर ठेवजा." ते जरा थांबले. "काऊन जी? वंगाळ हायेत का?"

"नाही," मी म्हणाले. "चांगली आहेत." ती विसरली असेल या भीतीची मी तयारी करून आले होते. ती विसरली नसेल तर काय करायचं, याची तयारी नव्हती.

प्रणाली आली ती स्कूटर उभी न करताच, आडवी टाकून. केसांत कोंडा, अंगात स्वेटरवर चढवलेला मळका शर्ट. पुण्यात ती "मला-तुला" बोलायची. इथे ते सगळं गळून पडलं होतं. "बिना सांगता काऊन आली गं! पहिले जेव!"

घर मिलच्या मागेच. काकांची जीभ जड झालीये, पण माझं नाव त्यांनी बरोबर घेतलं. लाखोळीच्या डाळीचे वडे, वाफाळता भात आणि वांग्याची भाजी. ती वाढत राहिली आणि मी पुण्यातल्या तिघांच्या चहाड्या सांगत राहिले. एका चहाडीला तिला असा ठसका लागला की काकाही हसले. त्या हसण्यासाठी मी पुण्याहून आले होते, आणि ते ऐकूनसुद्धा माझं भागलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत मिल बंद होती. आम्ही वजनकाट्यावर नकाशा पसरला आणि त्याच्या चार कोपऱ्यांवर कनकीच्या (तांदळाच्या चुरीच्या) पिशव्या ठेवल्या. प्रणाली गुडघ्यांवर बसून बराच वेळ पेठांवरून बोट फिरवत राहिली. मी वेढा समजावून सांगितला. मग जे बोलायला आले होते ते बोलले.

"तू मोबाईलवरून खेळ ना. रविवारी दोनच तास."

"खेळून पाह्यलं ना एकदा. तुम्ही समदे हासता, तवाच आवाज तुटते. मंग दोन दिवस मन लागत नाई मले." तिने माझ्याकडे पाहिलं. "मले आठवण येत नाई असं नको समजू. लय येते. पण रविवारीच धान येते इथी, आणि बाबाले मीच पाह्यजे."

तिने नकाशातल्या उत्तर दरवाजावर बोट ठेवलं. "हा बंद कसा होते?"

"अडसराने. आतून."

"मंग तिघं बाहेर गेल्यावर अडसर कोण लावंल?"

मी दरवाजा आखला, अडसर आखला, वेढाही मीच घातला, आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

"कुणी नाही लावला तर शत्रू आत येईल," मी म्हणाले.

"आणि आत लोकं हायेत ना?"

"आहेत."

"मंग मैना लावते. तिघांले जाऊ दे."

"शेजारी खिडकी आहे," मी घाईघाईने म्हणाले. "तुझीच. अडसर लावून तिथून निघ ना तू. मी जाऊ देईन."

"मालूम हाये मले खिडकी." तिने बोट उचललं. "पण शहर सोडून जायचं असतं, तं ती कवाच गेली असती, नाई का? लिही. मैना आत राह्यते."

बाहेर ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला. मारोतीभाऊंनी मिलचा पट्टा सुरू केला आणि पुढचं ऐकू येईना. निघताना तिने मला दहा किलो बारीक तांदूळ दिला आणि स्टँडवर बस दिसेनाशी होईपर्यंत हात हलवला. बल्लारशाहून गाडी पकडली. येताना जंगल दिसलं असेल. मी पाहिलं नाही. काखेत नळी घट्ट धरून मी चक्क रडत होते, आणि शेजारच्या बाईंनी काही न विचारता मला शेंगदाणे दिले.

लोक विचारतात, काय पाहिलंस तिकडे. वाघ पाहिला नाही, ताडोबाला गेलेच नाही. एक माणूस जिथलं होतं तिथे मला दिसलं, आणि त्याला तिथून उचलून आणता येत नाही, एवढं कळलं. कळलं म्हणून ओढ कमी होत नाही.

रविवारी टेबलावर मी मैनाची चाल वाचून दाखवली. तिघे उत्तर दरवाजातून बाहेर पडले. मागे अडसर पडल्याचा आवाज मी तोंडाने काढला, नेहमीसारखा, पण या वेळी कुणी हसलं नाही.

"आणि मैना?" तिघांतल्या निखिलने विचारलं.

वेढ्यात मागे राहिलेलं पात्र जगतं की मरतं, ते फासे ठरवतात. हा नियम मीच केलेला, आणि आजवर कुणासाठी मोडलेला नाही. फासे माझ्या मुठीत होते आणि तिघांचे डोळे मुठीवर. मी ते खिशात घातले.

"आहे ती," मी म्हणाले. "आत आहे. बरी आहे."

तिघांपैकी कुणीही नियमाचं नाव काढलं नाही.