शेपटीचा घास

इरिसबेक हा माझा सख्खा धाकटा भाऊ. असा भाऊ अख्ख्या अत-बाशी गावात दुसऱ्या कुणाला नाही, कुणालाही विचारा. मी शाळा सातवीत सोडली, त्यामुळे लिहिणं सुबक नसेल. पण सांगतोय ते खणखणीत आहे.

तो नारीन शहराच्या रस्त्यावर प्रवासी गाडी चालवायचा. ओठाखाली तंबाखूची गोळी, हातात मीठ घातलेला दुधाचा चहा, आणि कुणाच्याही घरी जेवण असो, मेंढीच्या शेपटीची चरबी आधी त्याच्या ताटात. मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात दारातला बर्फ उपसताना छातीत कळ आली आणि गडी फावड्यासकट आडवा झाला. नारीनच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला वाचवलं. बाई बोलायला तिखट. म्हणाल्या, "तंबाखू बंद, चरबी बंद, मीठ कमी, आणि रोज चालायचं. जमत नसेल तर आत्ताच सांग, मी दुसरा पेशंट बघते."

घरी आला तो मात्र काचेचं भांडं होऊन. त्याची बायको बुरुल त्याला पाण्याची बादली उचलू देईना. शेजारी येऊन असे हळू बोलायचे, जसं काही घरात मयत झालंय. तो खिडकीशी कोट पांघरून बसायचा आणि छातीवर हात ठेवून ठोके ऐकायचा. झोपायचीसुद्धा भीती वाटायची त्याला.

"दादा," एकदा मला म्हणाला, "वाचलो खरा, पण जगतोय कुठं?"

उन्हाळ्यात एका लग्नात "एकच घास रे" म्हणत त्याने चरबी तोंडात टाकली. एकाचे चार झाले. पाठोपाठ तंबाखू आली, आणि पानगळीला पुन्हा इस्पितळ. तिथून सुटला तेव्हा त्याला स्वतःचं स्वतःलाच कळलं होतं, की घास पचतो, पण एकावर थांबणं आपल्याला जमत नाही. मग त्याने पहिलाच घास सोडला.

बाईंना विचारून चालायला लागला. आधी फाटकापर्यंत, मग ओढ्यापर्यंत, मग घोड्या चरतात त्या चढावर काळ्या खडकापर्यंत. यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या घोड्या तोच वरून हाकत आणायचा, तेही बेसूर गात. बाईंनी होकार दिल्यावर गाडीही परत हातात घेतली. माझं रक्त आहे ते, उगाच नाही!

मग आली मीरिमची सोयरीक. मीरिम म्हणजे त्याची लेक. मुलगा कोचकोर गावचा, दोघं कॉलेजपासून एकमेकांना ओळखणारी. आमच्याकडे सोयरीक पक्की होते ती अशी: व्याही एकमेकांच्या तोंडात कलेजी आणि शेपटीची चरबी स्वतःच्या हाताने भरवतात. घास गिळला की जमलं. तोंड फिरवलं की मोडलं.

मुलाचा बाप ओस्मोनकुल, पोट आधी दारातून आत येणारा माणूस. त्याने गुबगुबीत पांढरा तुकडा उचलला. "घ्या व्याही, आ करा!"

इरिसबेकने त्याचा हात हळूच धरला. "कलेजी द्या, दोन तुकडे द्या. चरबी मी सोडलीय."

दारात चहाचा समोवार घेऊन उभी असलेली मीरिम जागच्या जागी थिजली.

"आमची चरबी कडू आहे का?" ओस्मोनकुल म्हणाला.

मी उठलो. "मला भरवा! मी थोरला आहे, सगळी खातो."

"तुम्हाला कोण नाही म्हणतंय? पण मुलीचा बाप तुम्ही नाही." मग तो इरिसबेककडे वळला. "एका तुकड्याने मरतो का माणूस? का खरंच इतका आजारी आहेस? तसं असेल तर बाबा, आजारी घराशी नातं जोडताना मला विचार करावा लागेल."

बुरुल मागून कुजबुजली, "खा हो, पोरीसाठी खा एकदाच."

इरिसबेकने लेकीकडे पाहिलं. तोंडाला पाणी सुटलं होतं, हे त्यानेच मला नंतर सांगितलं. पण तो म्हणाला, "पोरीसाठीच नाही खात. तिच्या बाळाच्या पाळण्याशी मला बसायचंय. आजारी कोण ते उद्या सकाळी बघू. काळ्या खडकापर्यंत चला माझ्याबरोबर. तुमच्याआधी मी दमून बसलो तर अख्खी शेपूट खातो."

"आणि मी बसलो तर?"

"तर चरबीशिवाय सोयरीक."

ओस्मोनकुल मांडीवर थाप मारून हसला. "ठरलं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव कुंपणांवर. मीही निघालो होतो, ओढ्याशी थांबलो. बूट नवे होते. वरचं बोलणं मला नंतर इरिसबेककडूनच कळलं.

ओस्मोनकुल आधी पुढे होता, सिगरेट ओढत, हात हलवत. अर्ध्या चढावर त्याची टोपी हातात आली, मग कोट हातात आला, आणि मग तो एका दगडावर बसला तो बसलाच. इरिसबेक वर न जाता आधी त्याच्यापाशी वाकला.

"व्याही, छातीत दुखतंय का? हातात, जबड्यात?"

"नाही रे. नुसता दम लागलाय. तू जा की!"

इरिसबेक त्याच्याबरोबर बसून राहिला. ओस्मोनकुलचा चेहरा माणसात आल्यावरच उठला, न थांबता काळ्या खडकावर गेला, आणि अशी शीळ घातली की खालची कुत्री भुंकायला लागली. आमची तांबडी घोडी धरून खाली आला, व्याह्याला तिच्यावर बसवलं आणि लगाम धरून गावातून पायी घेऊन आला. मी ओरडलो, "बघा रे, माझा भाऊ!"

घरी ओस्मोनकुलने हात धुतले, सुरीने कलेजीवरची चरबी तासून बाजूला केली आणि इरिसबेकला भरवलं. "घे व्याही. पोर आमची झाली."

इरिसबेकनेही त्याला नुसती कलेजीच भरवली. "सोमवारी माझ्या गाडीतून नारीनला यायचं. आमच्या डॉक्टरीणबाई फार ओरडतात, पण तुम्हाला तेच लागतंय."

"भाडं घेणार?"

"व्याह्याकडून? दुप्पट!"

दारात मीरिम हसत हसत रडत होती. चरबी कुत्र्याला मिळाली. मी मागितली होती, पण इरिसबेकने माझ्याकडे असं काही पाहिलं, की मी चहा घेतला. तोही बिनमिठाचा.