दोन बोटं शिवलेला मोजा

कासारवाडीच्या चाळीत आमच्या शेजारी राहणाऱ्या वहिनी टेप कधी वापरत नसत. पोरीला समोर उभं करायचं, वितीनं मोजायचं आणि सरळ कात्री चालवायची. तोंडात कायम टाचण्या, त्यामुळं निम्मं बोलणं हुंकारातच व्हायचं. गणपतीतल्या वेशभूषा स्पर्धेसाठी त्या आपल्या दोन्ही मुलींचे कपडे घरीच शिवत. जुन्या चादरीतून परी व्हायची, गोणपाटातून अस्वल. मी काही फाटकं टाकायला निघालो की म्हणायच्या, "भाऊजी, आणा हिकडं."

त्यांचा नवरा माझ्याच कंपनीत, माझ्याच हाताखाली पत्रा कापायच्या प्रेसवर होता. त्या आखाडात त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं प्रेसखाली गेली. काम लवकर उरकावं म्हणून मशीनचा हात वाचवणारा गार्ड मीच काढायला लावला होता. रिपोर्टात मात्र मी कामगाराचा निष्काळजीपणा लिहिला. वहिनी मला एका शब्दानं बोलल्या नाहीत.

गणपतीत त्यांची धाकटी स्टेजवर आली. बापाचा निळा युनिफॉर्म कापून तिच्या मापाचा केला होता. उजव्या हातात कामावरचा पांढरा मोजा, आणि त्याची दोन बोटं आत दुमडून शिवून टाकलेली. लोक आधी हसले, मग हसू विरलं.

वहिनी माझ्या मागंच बसल्या होत्या. आज तोंडात टाचण्या नव्हत्या.

"भाऊजी, बोटं बरोबर तीच हायत न्हवं? मी काय बघितलं न्हाई. तुमी तिथंच व्हता."