शेवाळाची आंघोळ

वालिदिया गावाच्या किनाऱ्यावर हद्दाइतकं शेवाळ कुणी काढलं नसेल. चाळीस वर्षं ओहोटीच्या वेळा सांभाळत तिने ते खडकांवरून ओरबाडलं, समुद्राच्याच पाण्यात खळबळून त्यातली वाळू काढली, वाळवलं आणि व्यापाऱ्याला दिलं. बाई तोंडाची फटकळ, पण कामाला वाघ.

शेतात मात्र तिचं काही चालेना. विहीर खारी झाली होती. टोमॅटोची पानं कडेने करपायची, फळं गोटीएवढीच राहायची. अल-जदीदा शहरात राहणारा धाकटा भाऊ मिलूद दर खेपेला म्हणे, "लल्ला, घराला कुलूप लाव आणि चल आमच्याकडे. इथे मिठाखेरीज काय पिकतंय?" मोठ्या बहिणीला तो लहानपणापासून लल्लाच म्हणायचा. शेवटी हद्दाने शब्द दिला, आणखी दोन हंगाम बघते, नाही जमलं तर येते. पण त्याचं तिसऱ्या मजल्यावरचं, अंगण नसलेलं घर आठवलं की ती उठून अंगणात जाऊन बसायची.

एकदा बियाण्याच्या दुकानात तिला शेवाळाच्या अर्काची बाटली दिसली. खाऱ्या जमिनीत पीक याने तग धरतं, असं दुकानदार म्हणाला. किंमत ऐकून हद्दा उसळली. "माझंच शेवाळ बाटलीत कोंबून मलाच विकतोस होय रे?"

घरी येऊन तिने वाहून आलेलं तपकिरी शेवाळ पिंपात भिजत घातलं. तीन आठवड्यांनी अर्क गाळला, पाणी घालून पानांवर फवारला. चार दिवसांत उरलीसुरली झाडंही करपली. हद्दाने पिंपात बोट बुडवून चाटलं आणि कपाळावर हात मारला. व्यापाऱ्यासाठी धुवायची, तसंच तिने हेही समुद्रात धुतलं होतं. पिंपात निम्मं मीठच होतं.

दुसऱ्या हंगामात तिने शेवाळ धुवायला अंगणातल्या टाकीतलं पावसाचं पाणी काढलं. ते प्यायचं पाणी. शेजारीण मीना नाकाला ओढणी लावून म्हणाली, "माणसं घोटघोट जपून पितात आणि ही शेवाळाला तीन-तीन आंघोळी घालते. आता मेंदीही लाव."

"लावते की. तुझ्या पोरीच्या आधी त्याचंच लग्न लागेल."

पाणी पुरावं म्हणून हद्दाने महिनाभर चहा दिवसातून एकदाच केला. आमच्याकडच्या बाईने याहून मोठा त्याग तो काय करायचा?

विहीर खारीच राहिली, पण फवारलेल्या झाडांना हिरवीगार पालवी फुटली. अर्क न पुरलेल्या दोन ओळी तेवढ्या पिवळ्या पडल्या. बाकी शेत लालेलाल झालं. ते बघत हद्दा बांधावर एकटीच हसत बसायची.

ठरल्या शुक्रवारी मिलूद तिला न्यायला भाड्याचा छोटा ट्रक घेऊन आला. "सामान बांधलंस का, लल्ला?"

"बांधलंय. परसात आहे."

परसात टोमॅटोचे क्रेट छातीएवढे रचलेले होते. मिलूदने एक टोमॅटो उचलून चावला, रस हनुवटीवरून ओघळला, तसा त्याने दुसरा घेतला.

"आणि तुझे कपडे, भांडी?"

"ती कशाला? हे बाजारात उतरव आणि गाडी उद्या परत आण. अजून अर्धं शेत तोडायचंय."

 मिलूदने शुक्रवारच्या नमाजाचा पांढराशुभ्र झगा काढून दारावर टांगला आणि पहिला क्रेट उचलला. हद्दा उगाचच त्याच्यावर खेकसली, "हळू रे, दाबले जातील."